कमावलेले चामडे, विणलेली वादी

जनावराच्या अंगावरून उतरवलेल्या आवरणाला मराठीत ‘कातडे’ म्हणतात आणि त्यावर संस्कार होऊन ते टिकाऊ झाले की त्याचे ‘चामडे’ होते. रोजच्या बोलण्यात हा भेद काटेकोरपणे पाळला जात नसला, तरी या दोन अवस्थांच्या मधल्या कामाला भाषेने जे क्रियापद दिले आहे ते मात्र अचूक आहे. ते क्रियापद म्हणजे ‘कमावणे’. पैलवान शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो, शेतकरी जमीन कमावतो आणि चर्मकार चामडे कमावतो. या चारही ठिकाणी दीर्घकाळ, रोज आणि हाताने केलेल्या कामाचा अर्थ गृहीत आहे, आणि ज्याने चामड्याला कधी हात लावलेला नाही अशा माणसाने छंद म्हणून हे काम हाती घेतले, तर त्याला पहिल्या काही महिन्यांतच या शब्दाचे मर्म बोटांतून कळू लागते.

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हा काळ्या मातीचा आणि कापसाचा तालुका असून एका बाजूला वणी व दुसऱ्या बाजूला पांढरकवडा ही त्याची शेजारची मोठी गावे आहेत. अशा कोरडवाहू मुलखात चामडे आणि दोर यांचा संबंध प्रथम बैलाशी येतो. मानेखालून जुवाला बांधली जाणारी चामडी पट्टी म्हणजे सापती, हाकणाऱ्याच्या हातातला विणलेला कोरडा किंवा आसूड, गळ्यातली चामड्याच्या पट्ट्यावर घुंगरू शिवलेली माळ, तोंडावरची म्होरकी, नाकातली वेसण आणि हातातला कासरा, एवढ्या वस्तू पोळ्याच्या आधी प्रत्येक घरी बाहेर काढून पाहिल्या जात, झिजलेल्या बदलल्या जात आणि श्रावणातल्या अमावास्येला सजलेली जोडी तोरणाखाली उभी राहिली की त्यांतले नवे काम गावाच्या नजरेला पडत असे. जिथे विहिरीला पाणी होते तिथे यांत चामड्याच्या मोटेची भर पडे. पाणी उपसणारे पंप आले तेव्हा मोट गेली, ट्रॅक्टर आला तेव्हा जोड्या कमी झाल्या, आणि ज्या उरल्या त्यांच्या अंगावर आता बहुधा नायलॉन दिसते, कारण ते स्वस्त पडते आणि पावसात कुजत नाही. शेतकऱ्याला या निवडीबद्दल दोष देता येत नाही; मात्र या वस्तूंबरोबर विणीचे जे ज्ञान गावात नांदत होते, ते नायलॉनच्या दोराबरोबर आले नाही.

प्रस्तुत निवेदन मारेगावात नोकरीधंद्यानंतरच्या वेळात अनेक वर्षे चामडे कापणाऱ्या, शिवणाऱ्या आणि विणणाऱ्या एका हौशी माणसाच्या अनुभवावर आधारलेले आहे. त्याला या कामाचे वळण पिढीजात मिळालेले नव्हते, त्यामुळे पुस्तकांतून जे समजले ते आणि रस्त्याकडेला बसणाऱ्या कारागिरांकडून जे पाहून घेतले ते, अशा दोन वाटांनी त्याचे शिक्षण झाले, आणि यांतील दुसरी वाट पहिलीपेक्षा फार मोलाची ठरली.

सर्वप्रथम चामडे ओळखावे लागते. कातड्याचा मूळ घटक कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू हा असून ओले कातडे तसेच ठेवल्यास ते कुजते आणि नुसते वाळवल्यास पत्र्यासारखे कडक होते. हे दोन्ही टाळण्यासाठी तंतूंना धरून ठेवणारा एखादा पदार्थ त्यांच्यात खोलवर मुरवावा लागतो. वनस्पतींच्या सालींत, फळांत आणि शेंगांत असणारे तुरट द्रव्य, ज्याला शास्त्रात टॅनिन म्हणतात, ते हे काम करते. महाराष्ट्रात यासाठी बाभळीची साल, हिरडा आणि तरवड यांचा वापर परंपरेने होत आला. प्रथम चुन्याच्या पाण्यात कातडे भिजवून केस सैल करायचे, ते खरवडून काढायचे, आतल्या बाजूचे मांस व चरबी तासायची, चुना धुऊन काढायचा आणि मग सालीच्या काढ्यात ते मुरत ठेवायचे, असा क्रम असे. काही ठिकाणी कातडेच पिशवीसारखे शिवून टांगत, त्यात साल व काढा भरत आणि पाझरून खाली जमलेला काढा पुन्हा वर ओतत राहत. या कामाला आठवडे लागतात. मारेगावच्या शिवारात धुऱ्यावर जी बाभूळ सहज दिसते, तिच्या सालीतला हा गुण गावातल्या बहुतेकांना आज ठाऊक नसतो, आणि हौशी माणसालाही तो उशिरा कळला.

दुसरी पद्धत क्रोमियमच्या क्षारांची असून ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत विकसित झाली आणि आज जगातले बहुतेक चामडे तिनेच कमावले जाते, कारण काम लवकर उरकते, चामडे मऊ राहते आणि ते उष्णतेला अधिक दाद देत नाही. कपडे, पाकिटे व मऊ बूट यांना ते चांगले असते, परंतु विणकामाला आणि नक्षीला सालीत कमावलेले चामडेच हवे, कारण पाण्याने ओलावले की ते हाताला वश होते आणि वाळताना दिलेला आकार धरून ठेवते. सालीच्या चामड्याची कापलेली कड आरपार तपकिरी दिसते, क्रोमच्या चामड्याची आतून निळसर-करडी असते, आणि पहिल्यावर टाकलेला पाण्याचा थेंब शोषला जाऊन काळसर डाग उमटतो. ही ओळख नसण्याची किंमत या हौशी माणसाने एकदा मोजली आहे: दूरवरून मागवलेली एक अर्धी कातडी सालीची म्हणून विकली गेली होती, तिच्या कडा वरून तपकिरी रंगवलेल्या होत्या, आणि पहिला काप घेताच आतला निळसर थर उघडा पडला. तेव्हापासून मोठा तुकडा घेण्याआधी नमुन्याची चिंधी मागवून ती मधोमध कापून पाहण्याचा नियम त्याने सोडलेला नाही. क्रोमच्या चामड्याचे तुकडे चुलीत टाकू नयेत, हेही येथेच नोंदवणे आवश्यक आहे, कारण जळताना त्यातील क्रोमियमचे रूपांतर शरीराला घातक अशा प्रकारात होऊ शकते.

कच्च्या मालाची उपलब्धता हा महाराष्ट्रात स्वतंत्र प्रश्न आहे. १९७६ च्या राज्य पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्ती मार्च २०१५ पासून लागू झाली आणि गायीबरोबरच बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी आली. त्यामुळे हौशी माणसाच्या हाती आता प्रामुख्याने म्हशीचे आणि शेळीचे चामडे येते. म्हशीचे चामडे जाड, भरड आणि दणकट असल्याने पट्टे, सापत्या व कोरड्याचा गाभा यांना ते योग्य ठरते, तर शेळीचे चामडे पातळ व घट्ट वीण असलेले असल्यामुळे बारीक वाद्यांसाठी, म्हणजे चामड्याच्या अरुंद लांब पट्ट्यांसाठी, उपयोगी पडते. जनावर कोणतेही असो, पाठीचा भाग सर्वांत घट्ट असतो आणि पोटाचा भाग सर्वांत सैल, कारण जिवंतपणी त्या भागाला फुगावे आणि ताणावे लागत असते. म्हणून पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापावा आणि पोटाकडचे तुकडे पिशवीचे अस्तर, किल्लीची टोपी अशा ताण न येणाऱ्या वस्तूंना राखून ठेवावेत. कमरेच्या पट्ट्याला साधारण तीन ते चार मिलिमीटर जाडी लागते, विणायच्या वादीला एक ते दीड मिलिमीटर पुरते.

हत्यारांबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण ती थोडीच लागतात. रुंद पात्याची रापी, जिने चामडे कापलेही जाते आणि तासून पातळही केले जाते. भोक पाडणारी आरी. गोल भोकासाठी लोखंडी सुंबा. ठोकण्यासाठी लाकडी मोगरी. बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला दोरा आणि खाली घेण्यासाठी लाकडाचा गुळगुळीत पाट, एवढ्यावर कामाची पहिली दोन वर्षे निघतात. नवशिक्याचा पैसा सहसा नक्षीच्या ठशांवर खर्च होतो आणि रापीला धार लावायची राहून जाते. बोथट रापीला जोर द्यावा लागतो, जोर दिलेली रापी घसरते आणि घसरलेली रापी डाव्या हाताच्या अंगठ्यावर जाते. शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून दोन्ही एकाच भोकातून परस्परविरुद्ध दिशांनी काढायच्या असतात. असा टाका यंत्राच्या टाक्यापेक्षा सावकाश पडतो, पण एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे टाके आपापल्या जागी धरून राहतात.

विणकामाची खरी सुरुवात वादी कापण्यापासून होते आणि येथे एक साधी युक्ती फार मोठे काम करते. लांब वादीसाठी लांब चामडे लागतेच असे नाही, कारण गोल चकती बाहेरून आत फिरवत कापत नेली तर लहानशा तुकड्यातूनही बरीच लांब वादी निघते. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीतून चार मिलिमीटर रुंदीची वादी काढली आणि मधला दोन सेंटिमीटरचा भाग सोडून दिला, तर जवळजवळ १.९ मीटर लांबी हाती येते, म्हणजे बूट दुरुस्त करणाऱ्याकडे पडलेल्या तुकड्यांतूनही चाबकाचे पेड निघू शकतात. यासाठी पाटात एक धारदार पाते उभे रोवायचे, त्यापासून चार मिलिमीटरवर एक खिळा ठोकायचा, चकतीच्या कडेला हाताने बोटभर काप देऊन ते टोक खिळा आणि पाते यांच्या मधून ओढायचे आणि एका हाताने टोक खेचत असताना दुसऱ्या हाताने चकतीला फक्त फिरू द्यायचे. चकती ओलसर हवी. कोरडी असली तर पाते अडखळते आणि फार ओली असली तर वादी ताणून अरुंद होते. चकती फिरताना जो बारीक, सलग, रेशीम फाडल्यासारखा आवाज येतो तो बदलला की पात्याची धार गेली असे समजावे, आणि हे डोळ्यांना दिसण्याआधी कानाला कळते. कापून झालेली वादी वेटोळ्यासारखी वाकडी असते. ती ओलावून, दोन खिळ्यांमध्ये ताणून, रात्रभर सावलीत वाळवल्यावर सरळ होते, आणि ताणल्याने ती थोडी अरुंद होत असल्यामुळे मुळातच हव्या त्या मापापेक्षा किंचित रुंद कापावी लागते. शेवटी मांसाकडच्या बाजूच्या दोन्ही कडा रापीने हलक्या तासल्या की वादी शेजारच्या वादीवर बसते, तिच्यावर चढत नाही.

विणीची रचना समजावून सांगण्यासाठी मराठी माणसाला परक्या आकृत्यांची गरज नाही, कारण ती आपल्या एका नाचातच उभी आहे. गोफ हा शब्द विणलेल्या दोराला आणि त्यावरून नाव पडलेल्या खेळाला, दोहोंनाही वापरतात. वर एका ठिकाणी बांधलेले गोंड्यांचे दोर हातात धरून अर्धे खेळगडी एका दिशेने आणि अर्धे उलट दिशेने फिरतात, समोर येणाऱ्या प्रत्येकाला एकदा बाहेरून आणि एकदा आतून ओलांडतात, आणि त्यांच्या डोक्यावर गोल वीण उतरत येते. मग तेच पाऊल उलटे टाकले की वीण उकलते. आठ पेडांच्या चामडी कोरड्यात हेच घडते, फरक इतकाच की तेथे आठ जणांऐवजी दोन हात असतात. ‘पेड’ म्हणजे विणीतला एक पदर; आईने मुलीच्या केसांची घातलेली तिपेडी वेणी हा त्याचा सर्वांत साधा प्रकार, आणि ज्याला ती घालता येते त्याला चपटी चामडी वीण पहिल्याच दिवशी येते.

गोल विणीचा आरंभ चार पेडांनी करावा. डावीकडून त्यांना पहिला ते चौथा असे क्रम दिले, तर चौथा पेड मागच्या बाजूने तिसऱ्या व दुसऱ्याच्या मागून न्यायचा, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधून पुढे काढायचा आणि दुसऱ्यावरून परत उजवीकडे आणायचा. मग हीच कृती डावीकडच्या टोकाच्या पेडाने आरशातल्या प्रतिमेप्रमाणे करायची, म्हणजे तो लगतच्या दोन पेडांच्या मागून जाऊन पुढे येईल आणि एकावरून परत डावीकडे बसेल. एवढ्या दोन हालचाली आलटून पालटून करत गेले की वीण आपोआप गोल होत जाते. चार पेडांच्या मधोमध पोकळी फार थोडी राहते, परंतु सहा वा आठ पेड घेतल्यास आत गाभा म्हणून चामड्याची पट्टी किंवा दोर ठेवावा लागतो, नाहीतर वीण चेपली जाते. तयार वस्तूच्या लांबीच्या किमान दीडपट लांब पेड घ्यावेत; यात कंजूषी केली तर शेवटच्या वीतभर अंतरावर जोड द्यावा लागतो आणि जोड कितीही कुशल असला तरी ताण पडला की प्रथम तोच सुटतो.

ही कृती वाचायला सोपी आहे आणि हातालाही लवकर बसते, पण दोन्ही हातांचा ताण सारखा राखणे हे मात्र वर्षानुवर्षे शिकत राहावे लागते. उजव्या हाताने काम करणारा माणूस नकळत उजवा पेड अधिक ओढतो, त्यामुळे वीण हळूहळू एका बाजूला पिळत जाते; एकेक घर पाहिले तर दोष दिसत नाही, हातभर लांबी दूर धरून पाहिली की चौकटींची रांग सरळ न जाता वळत गेलेली दिसते. या हौशी माणसाचे पहिले तीन कोरडे असे वळलेले आहेत आणि ते त्याने मुद्दाम टिकवून ठेवले आहेत, कारण त्यांच्यावर सुधारणा क्रमाने वाचता येते. त्याच्या अनुभवात तीन गोष्टींनी उपयोग झाला: चामड्याआधी अंबाडीच्या सुतळीवर सराव करणे, काम खुंटीला अडकवून ते कमरेच्या उंचीवर ठेवणे आणि थकवा आला की अर्ध्या घरात न थांबता घर पूर्ण करून मगच हात सोडणे. साबण आणि चरबी वा एरंडेल एकत्र उकळून केलेला लेप पेडांना चोळला तर ते एकमेकांवरून सहज सरकतात आणि घट्ट बसतात. विणून झाल्यावर ती लांबी दोन पाटांमध्ये ठेवून पोळी लाटावी तशी लाटली की घरे समान दबतात.

कोरडा मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता का असतो, याला सौंदर्यापेक्षा खोल कारण आहे. मनगटाने दिलेली लाट जाड भागाकडून बारीक भागाकडे जाते तसतसे तिला हलवायचे वजन कमी होत जाते, तिचा वेग वाढतो आणि अखेरीस टोक आवाजाच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरहून, अधिक वेगाने फिरते. चाबकाचा जो फटकारा ऐकू येतो तो जनावराच्या अंगावर आदळल्याचा नसून हवेतल्या या क्षणाचा असतो. चांगला हाकणारा बैलाला न मारता केवळ आवाजावर जोडी वळवू शके, तो या निमुळतेपणाच्या बळावर. त्यामुळे विणताना पेड टोकाकडे अरुंद करत न्यावे लागतात किंवा दोन-दोन पेड गाभ्यात सोडून आठाचे सहा आणि सहाचे चार करावे लागतात. ऑस्ट्रेलियातले चाबूक विणणारे यासाठी कांगारूचे चामडे पसंत करतात, कारण ते फार पातळ कापले तरी बळकट राहते. अर्जेंटिनातले गुराखी कच्च्या, न कमावलेल्या कातड्याची वीण करतात. आणि अमेरिकेत १९७२ साली प्रसिद्ध झालेला ब्रूस ग्रँट यांचा विणकामाचा कोश हौशी लोकांत अजून वापरात आहे. त्यातली पुष्कळशी घरे मारेगावच्या जुन्या सामानातही सापडतात, फक्त येथे त्यांचे आकृत्यांसह पुस्तक झाले नाही.

समान ताणाची कसोटी सर्वांत कठोरपणे लावली जाते ती वाद्यात. तबल्याच्या पुडीच्या कडेने चामड्याच्या पट्ट्यांची जी गोल वीण असते तिला गजरा म्हणतात; तिच्यातून सोळा ठिकाणी वादी ओवून ती खालच्या कड्याशी ताणलेली असते आणि त्यामुळे काठाची सोळा घरे होतात. वादक हातोडीने गजरा खाली ठोकतो तेव्हा पुडीचा ताण वाढून सूर चढतो, खालून वर ठोकतो तेव्हा उतरतो. गजऱ्याची वीण एका घरात सैल असेल, तर तेवढ्या घराचा सूर बाकीच्या पंधरांशी जुळत नाही. चाबकातला दोष डोळ्याला दिसायला हातभर लांबी लागते, तबल्यातला दोष एका थापेत उघड होतो. गावोगावच्या भजनी मंडळांमुळे अशा दुरुस्तीचे काम अजून थोडेफार टिकून आहे. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेमुळे खंजिरीला मोठे स्थान आहे. पूर्वी तिला घोरपडीचे कातडे लावत, परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले असल्यामुळे हौशी माणसाने त्या वाटेला अजिबात जाऊ नये आणि शेळीचे पातळ कातडे वापरावे.

स्थानिक हवामान आणि स्थानिक सवयी यांनी झालेले काही तोटे नोंदवण्यासारखे आहेत. विदर्भात जवसाचे तेल घराघरात असते, आणि चामड्याला तेल द्यायचे म्हटले की हात प्रथम त्याच बाटलीकडे जातो. जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट पापुद्रा धरते, म्हणूनच ते रंग आणि लाकडासाठी चालते, आणि त्याच कारणाने ते चामड्याच्या तंतूंत गेले की काही महिन्यांत चामडे ताठर होऊन वाकवल्यावर तडकते. त्याऐवजी एरंडेल किंवा करंजीचे तेल अगदी थोडे, कापडाने चोळून द्यावे. दुसरा तोटा उन्हाचा. मे महिन्यातला पत्रा दुपारी हात लावू देत नाही आणि सालीत कमावलेले चामडे ओले असताना अशा तापमानाला आकसून कायमचे कडक होते, म्हणून वाळवण नेहमी सावलीत आणि वाऱ्यावर करावी. पावसाळ्यात उलट अडचण येते. बंद पेटीत ठेवलेल्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढते, ती कोरड्या फडक्याने पुसून चामडे हवेशीर टांगावे लागते.

लोखंडाचा डाग हा तिसरा तोटा, पण त्यातून शिकण्यासारखे अधिक मिळाले. ओल्या चामड्यावर एकदा लोखंडी सुंबा विसरून राहिला आणि सकाळी त्याच्या जागी शाईसारखा निळा-काळा गोल उमटलेला होता, जो धुऊन गेला नाही. चामड्यातले तुरट द्रव्य आणि लोह यांचा संयोग झाला की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि लोह यांपासून शाई करण्याची जुनी रीत याच संयोगावर चालते. हे ध्यानात आल्यावर त्या माणसाने लोहाराच्या भात्याजवळचा लोखंडाचा कीस व्हिनेगारमध्ये काही दिवस भिजवून, गाळून, ते पाणी मुद्दाम चामड्याला लावून पाहिले, आणि वरून फासलेल्या कोणत्याही रंगाने न मिळणारा, आत मुरलेला, हाताला न लागणारा काळा रंग त्याला मिळाला.

आता त्या गोष्टीकडे वळणे भाग आहे जिच्यावाचून महाराष्ट्रात चामड्याबद्दल प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. एखाद्याने सुटीच्या दिवशी आवडीने करायचे हे काम शतकानुशतके काही जातींवर जन्माने लादलेले होते आणि त्याच कामासाठी त्यांना गावाबाहेर ठेवले गेले. मेलेले जनावर ओढणारे, कातडे कमावणारे, जोडे व मोटा शिवणारे आणि दोर वळणारे असे हे हात वेगवेगळ्या जातींत वाटलेले होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याची, म्हणजे कामाच्या बदल्यात धान्य देण्याची, ही व्यवस्था तपशिलाने आलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्याचे गावकीचे बंधन झुगारून देण्यास सांगितले, आणि अनेक कुटुंबांनी हे काम सोडले ते स्वाभिमानाने सोडले. त्यांच्या मुलांनी रापी हातात घेतली नाही याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. याच प्रदेशात, मारेगावहून फार दूर नसलेल्या वर्ध्याजवळच्या नालवाडी येथे, १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकर यांनी नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचे कातडे कमावण्याचे चर्मालय चालवले. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या काळातला तो प्रयत्न होता, आणि या कामाची घाण व अप्रतिष्ठा अटळ नाही, ती चांगल्या पद्धतीने दूर करता येते, हे दाखवण्याचा त्यामागे हेतू होता. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण याहून वेगळे आहे. पट्ट्यावर चामडी वेणी आणि खिळ्याविना चामड्याच्या वादीने केलेली शिलाई असलेल्या या चपलेला महाराष्ट्र व कर्नाटकातील मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या मुलखातल्या कारागिरांच्या कामाला कायद्याने नाव मिळाले. विदर्भातल्या कोरड्याला, सापतीला वा घुंगरमाळेच्या पट्ट्याला असे नाव नाही, आणि ते विणणाऱ्यांचीही नावे कुठे लिहिलेली नाहीत.

म्हणून या हौशी माणसाचे ठाम मत असे झाले आहे की छंदाच्या जगात जिला ‘टिप’ म्हणतात, ती प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हातची असते आणि तिची किंमत द्यायला हवी. रापीला धार लावताना ती चामड्याच्याच तुकड्यावर शेवटी कशी ओढावी, हे त्याला एका वयस्क कारागिराने दाखवले. वादी दातात धरून दोन्ही हात मोकळे ठेवण्याची रीत दुसऱ्याने दाखवली. या कामाच्या मजुरीची घासाघीस त्याने त्यानंतर केली नाही. शिकवणाऱ्याच्या वेळेचे पैसे शिवणीच्या पैशाइतकेच, किंबहुना अधिक, देण्यासारखे आहेत.

मारेगाव, वणी, झरी, पांढरकवडा या भागात ज्यांच्या घरी माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला किंवा कोठाराच्या कोपऱ्यात जुनी सापती, कोरडा, घुंगरमाळ अथवा मोटेचा तुकडा पडलेला असेल, त्यांनी तो भंगारात देऊ नये. त्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसावी, जवसाचे तेल लावू नये, चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, जिथे वीण सुटली असेल तिथे पेड मोजावेत आणि ही वस्तू कोणी विणली होती ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, त्या माणसाच्या नावासह, वहीत लिहून ठेवावे.